एकोणनव्वदच्या आसपास

४ फेब्रुवारी

सहीची पहिली दोन अक्षरं काढून झाली होती, तेवढ्यात बेकरीवाला आपला वजनकाटा खांद्यावर घेऊन दुकानात शिरला आणि मला पेन खाली ठेवावं लागलं. काटा शून्यावर थांबत नव्हता. तो दुरुस्त करता करता विचार केला, ताईला आधी कळवू, सही काय नंतरही होईल.

तर ताई, मुंगीला बुद्धीच्या चाचणीत एकोणनव्वद मिळाले! मला शाळेत बावन्नच्या वर कधी मिळाले नाहीत, आणि ते बावन्नसुद्धा चित्रकलेत. शाळेने बाहेरून एक बाई बोलावल्या होत्या. त्यांनी दहा वर्षांच्या सगळ्या मुलांना एकेकटं बसवून दीड-दीड तास प्रश्न विचारले. काल अहवाल आला. वरच लिहिलंय, एकूण बुद्ध्यांक ८९. सोबत शाळेचं पत्र, की तुमच्या मुलीची पुढच्या वर्षी विशेष गटासाठी निवड झाली आहे, संमतीपत्र पंधरा मार्चपर्यंत सही करून द्यावं. गटात फक्त बारा मुलं. वेगळी खोली, वेगळ्या बाई.

मी दुकानात येईल त्याला चहा पाजला. शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, "पोरगी कोणावर गेली?" म्हटलं, "आत्यावर." तो म्हणाला, "तरीच."

मुंगीने मात्र एवढंच विचारलं, की विशेष गटाला प्रयोगशाळेत नेतात का. तिथे काचेच्या पेटीत एक नाजूक काटा आहे. वर्षातून एकदा मी तो तपासायला जातो तेव्हा तिला बरोबर नेतो. म्हटलं, विशेष म्हणजे नेतच असणार.

मुंगीची आई म्हणते, "ताईंचा सगळा जन्म असल्या चाचण्या घेण्यात गेला, त्यांना विचारा आधी." म्हणून विचारतोय. विचारण्यासारखं काही नाही म्हणा, तू नुसती शाबासकी पाठव. फोन करत नाही, तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मग आपण दोघंही ओरडत बसतो.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

धाकट्या,

सही करू नकोस. आता पुढचं वाच.

शंभर म्हणजे पैकीच्या पैकी नव्हेत. शंभर म्हणजे मधलं. चाचणी तयार करताना ती आधी खूप मुलांना देऊन बघतात, आणि त्या वयाच्या मुलांची जी मधोमध कामगिरी येते तिला शंभर म्हणायचं असं ठरवतात. एकशे तीसही येतात, सत्तरही येतात. निम्मी मुलं नव्वद ते एकशे दहाच्या मध्ये असतात. मुंगीच्या वयाची शंभर मुलं ओळीने उभी केलीस तर साधारण तेवीस तिच्या मागे असतील, बाकीची पुढे. ती मधल्या गर्दीच्या कडेला उभी आहे. चहा पाजण्यासारखं त्यात काही नाही आणि डोक्याला हात लावण्यासारखंही नाही.

दुसरं. विशेष गट हुशार मुलांचा असेल असं मला वाटत नाही. मी अशा खूप शाळा पाहिल्या. एका शाळेत त्या वर्गाला 'फुलपाखरं' म्हणायचे. तिथल्या मुलांना त्या नावामागचं सगळं कळत होतं. मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचार: या गटाला काय शिकवत नाही, आणि आजवर त्यातून किती मुलं परत आली.

तिसरं. अहवालाला दुसरं पान असतं. ते मला पाठव.

चहाचं वाईट वाटून घेऊ नकोस. लोकांनी प्यायला, संपला. आणि मुंगीकडे वेगळ्या नजरेने बघू नकोस. अहवाल येण्याआधी ती जेवढी होती तेवढीच आहे.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

विचारलं. विशेष गटाला विज्ञान नाही. प्रयोगशाळा नाही. गणित निम्मं. नव्वदच्या खाली आलेलं प्रत्येक मूल तिकडे जातं. मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. म्हणाले, "तिथे मुलांना ताण नसतो हो." मी दुसरा प्रश्न विचारला. त्यांनी कारकुनाला बोलावलं, कारकुनाने रजिस्टर चाळलं. सहा वर्षांत एकही नाही. "परत यायचंय असं कुणी म्हटलंच नाही," कारकून म्हणाला.

तू नको म्हणालीस तरी दोन दिवस मी तिच्याकडे तसंच बघितलं. कमी भरलेल्या पोत्याकडे बघतात तसं. अकरा कमी, अकरा कमी, हेच डोक्यात. शेवटी मुंगीची आई म्हणाली, "तिला तोलणं थांबवा आणि जेवा, निवतंय सगळं." घड्याळवाला दोनदा विचारून गेला, की पोरीचं विशेष काय झालं. मी काट्यात डोकं घातलं.

पण मला एक पटत नाही. किलो म्हणजे किलो. तो इथेही किलो आणि तुझ्या गावातही. मग हा आकडा असा कसा?

दुसरं पान सोबत आहे. ते संमतीपत्राच्या मागे टाचलेलं होतं, मी पाहिलंच नव्हतं. त्यात चार आकडे आहेत. शब्द ९७, आकृत्या ९८, स्मरण ९६ आणि वेग ७४. मी मुंगीला समोर बसवलं.

"वेगाच्या वेळी काय होतं?"

"चिन्हं होती. डावीकडचं चिन्ह उजवीकडच्या ओळीत आहे का ते बघायचं आणि खूण करायची."

"मग?"

"बघितलं."

"पटपट बघायचं होतं ना?"

"बाई म्हणाल्या, जमेल तितक्या लवकर. मी जमेल तितक्या लवकर तीनदा बघितलं."

ताई, तीनदा! हा माझ्या दुकानाचा नियम. वजन तीनदा ठेवायचं, तिन्ही वेळा तोच आकडा आला तरच वहीत लिहायचा. आप्पांनी मला शिकवलं, मी न शिकवताच तिने उचललं. चार वर्षांची असल्यापासून ती शाळा सुटली की माझ्या बाकावर बसलेली असते. म्हणजे कमी काही नाहीच, माझा नियम आडवा आला. ती मुळात शंभरच्या वरचीच आहे, हो ना? तू एकदा लिहून दे.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तीनदा बघण्याचं कारण मला इतकं आवडलं, की त्याचाच मला संशय येतो. तेच कारण असेल, किंवा ती मुळातच सावकाश असेल, किंवा दोन्ही. सावकाश असणं हा आजार नाही. मी काहीही लिहून देणार नाही.

किलोचं म्हणशील, तर तुझ्या काट्याच्या एका पारड्यात माल असतो आणि दुसऱ्यात वजन. या काट्याच्या दुसऱ्या पारड्यात वजन नाही, मुलं आहेत. मुंगीला तिच्या वयाच्या मुलांशी तोललंय. त्यामुळे 'इतकी बुद्धी' असा हा आकडा नाहीच. 'त्या दिवशी, या कामांत, इतरांच्या मानाने कुठे' एवढंच तो सांगतो.

आता तू सांग. बेकरीवाल्याचा काटा किती ग्रॅम इकडे-तिकडे झाला तरी चालतो? पाच ना? यालाही तसंच आहे. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत बघ: ८४ ते ९५. म्हणजे तिचा खरा आकडा बहुधा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, नक्की कुठे ते या काट्याला सांगता येत नाही. शाळेची रेघ नव्वदवर आहे. ती रेघ त्या पट्ट्याच्या आत पडते. शिवाय तीन आकडे एका उंचीचे आणि चौथा एवढा खाली असला की एकूण आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. टेबलाचा एक पाय आखूड असेल तर त्याची सरासरी उंची कुणी सांगतं का? आखूड पाय दाखवतात.

हे सगळं मुख्याध्यापकांना सांग. चाचणीच्या बाईंनाही भेट. एवढं केलंस तरी पुरे.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

जिंकलो! चाचणीच्या बाईंना जाऊन भेटलो, तीनदा बघण्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. इतक्या लवकर पुन्हा घेत नाहीत म्हणाल्या, पण मी फार गळ घातली तेव्हा वेगाचा भाग तेवढा पुन्हा घ्यायला तयार झाल्या. काल घेतला. वेग १०८! एकूण ९९. शंभराला एक कमी पडला, पण मी तक्रार करत नाही. कागद शाळेत दिला की विषय संपला.

मुंगीने तुला चिठ्ठी लिहिली आहे. पाकीट तिने आधीच चिकटवलं, तेव्हा न वाचताच सोबत घालतो.

तुझा धाकटा


प्रिय आत्या,

मी आता ९९ आहे. आधी मी ८९ होते.

बाबांनी मला दहा दिवस शिकवलं. मला चिन्हं आठवत होती, ती मी काढून दाखवली. मग बाबांनी चाळीस कागदांवर तशीच पुष्कळ चिन्हं काढली. बाबांचं अक्षर वाईट आहे पण चिन्हं छान येतात. घड्याळवाले काका स्टॉपवॉच घेऊन बसायचे. ते 'हं' म्हणाले की मी सुरू करायचं. बाबा म्हणाले एकदाच बघायचं, खात्री करत बसायची नाही. पहिल्यांदा माझ्या पोटात दुखायचं, आता दुखत नाही.

आता मी बूट चौदा सेकंदांत घालते. दूध अकरा सेकंदांत पिते. आई म्हणते हे बंद कर, ठसका लागेल. लागला.

परवा बाबांनी मला एक वजन तपासायला दिलं. मी एकदाच ठेवलं आणि ५०० लिहिलं. ते ४८० होतं. बाबा चिडले. म्हणाले, तीनदा नको ठेवायला? मी विचारलं, मग तीनदा नक्की कधी आणि एकदा कधी? ते म्हणाले नंतर सांगतो. तुला माहीत असेल तर तू सांग.

अजून एक. चाचणीच्या बाईंनी सुरू करायच्या आधी विचारलं, घरी सराव केलास का? बाबा खोलीच्या बाहेर होते म्हणून मला त्यांना विचारता आलं नाही. मी नाही म्हटलं. ते बरोबर केलं ना?

तुझी मुंगी


३ मार्च

धाकट्या,

चिठ्ठी न वाचता घातलीस हे बरं केलंस. वाचली असतीस तर मला मिळाली नसती. आता सोबत परत पाठवते, तू वाच. शेवटची ओळ सावकाश वाच.

एखाद्या दुकानदाराने पारड्याखाली शिसं चिकटवलेलं सापडलं तर तू काय करतोस, ते मला ठाऊक आहे. भाजीवालीचा काटा तू तिच्या देखत उलटा केला होतास, आणि ती रडली तरी सरकारी शिक्क्यासाठी पाठवला नव्हतास. ९९ हा मुंगीचा आकडा नाही. तो चाळीस कागदांचा आहे, घड्याळवाल्याचा आहे आणि तुझा आहे. दहा वर्षांची पोरगी आता तो जपण्यासाठी खोटं बोलते आणि मला विचारते, बरोबर केलं ना.

काय करायचं ते मी सांगणार नाही. तुझ्या धंद्यात जे करतात ते कर.

रागावण्याचा हक्क मला इतरांपेक्षा कमीच आहे. तू चौदा वर्षांचा होतास, मी नुकतीच हे काम शिकत होते. सरावासाठी एका दुपारी तुला बसवलं. तुला ताप होता हे मला संध्याकाळी कळलं. तरी आलेला आकडा मी आप्पांना सांगितला, मोठ्या ऐटीत, कागदावर लिहून. पुढच्या वर्षी आप्पांनी तुला शाळेतून काढून दुकानात बसवलं. मी पस्तीस वर्षं याबद्दल बोलले नाही. आकडा विचारू नकोस. तो सांगून तीच चूक पुन्हा करायची माझी इच्छा नाही.

मुंगीला माझा निरोप दे: चूक झाली तर कुणाचं तरी नुकसान होणार असेल तिथे तीनदा. दूध एकदाच, पण हळू. आणि बाईंना नाही म्हटलं ते बरोबर नव्हतं, पण ते निस्तरणं तिचं काम नाही, तुझं आहे.

ताई


९ मार्च

ताई,

आधी तुझं उरकतो. तो कागद मला आठवतो. आप्पांनी त्याची चौघडी करून मोठ्या काट्याच्या डाव्या पायाखाली घातली होती, काटा डुगडुगायचा म्हणून. पुढे मीच तो पाय दुरुस्त केला आणि कागद फेकून दिला. उघडून बघायचंही सुचलं नाही. मी दुकानात आलो कारण शाळेतून पळून मी तिथेच जायचो. आप्पा हाकलून हाकलून दमले. तू पस्तीस वर्षं स्वतःला फारच महत्त्व देत आलीस, ताई. मोठ्या बहिणींना ती खोडच असते.

आता माझं. मुंगीची चिठ्ठी मी दुकानाच्या पायरीवर बसून वाचली. घड्याळवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "मी फक्त वेळ लावत होतो." मी म्हटलं, "मी फक्त चिन्हं काढत होतो." दोघेही मग आत गेलो आणि कागद जाळले.

आज दुपारी मुंगीला घेऊन शाळेत गेलो. चाचणीच्या बाईंना निरोप दिला होता, त्याही आल्या. मी सगळं सांगितलं. मुंगी काही बोलायला लागली, तिला थांबवलं. म्हटलं, तिला खोटं बोलायची वेळ मी आणली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "चाळीस कागद? हाताने?"

"हो."

"कुठे आहेत?"

"जाळले."

"ते तरी बरं केलंत, दुसऱ्या मुलांच्या हाती लागायला नकोत." त्यांनी ९९ वर आडवी रेघ मारली. "आता निदान वर्षभर ही चाचणी हिला देता येणार नाही. दिली तरी खरं काही कळणार नाही. पुन्हा घ्यायला मी तयारच व्हायला नको होतं."

मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे एकोणनव्वदच राहिले."

आमच्या बाजूचं जे काही होतं ते मीच आत्ता टेबलावर ठेवून दिलं होतं. पण तोंड उघडलंच होतं, म्हणून बोललो. "साहेब, तुमच्या प्रयोगशाळेतला काटा मी तपासतो. तो केसभर चुकला तरी तुम्ही मला परत बोलावता. हा पाच-सहाने चुकू शकतो असं याच्यावरच लिहिलंय, आणि तुम्ही एका आकड्यावरून पोरीचं विज्ञान काढताय."

"कुठे लिहिलंय?"

"दुसऱ्या पानावर."

त्यांनी पान उलटलं. चष्मा काढला, पुसला, लावला. "हे सगळ्यांच्याच अहवालावर असतं?"

"सगळ्यांच्याच," बाई म्हणाल्या.

"मग मी ठरवायचं कशावर?" ताई, ते वादासाठी विचारत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"यावरही ठरवा," बाई म्हणाल्या, "फक्त यावर नको."

मग मुंगीच्या वर्गशिक्षिकेला बोलावलं. हाताला खडू लागलेला, मागे वर्गात आरडाओरडा चालू, त्यामुळे त्या दारातच उभ्या राहिल्या. "ही वेळ लावते," त्या म्हणाल्या. "फार लावते. कधी कधी मला वैताग येतो. पण हिची वही मी सगळ्यात शेवटी तपासायला घेते. तोवर मी दमलेली असते आणि हिच्या वहीत शोधण्यासारख्या चुका नसतात."

"विज्ञान झेपेल?"

"वेळ दिलात तर झेपेल. घाईत नाही झेपणार." आणि गेल्या.

मुख्याध्यापकांनी मुंगीला विचारलं, "तुला काय वाटतं? कुठे बसायचंय?"

मुंगी विचार करायला लागली. ताई, ती किती वेळ विचार करत होती सांगू? भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघितलं, मुख्याध्यापकांनी बघितलं. माझा पाय तिला टेबलाखालून ढोसायला निघाला होता, तो मी दुसऱ्या पायाने धरून ठेवला. शेवटी ती म्हणाली, "आहे त्याच वर्गात. पण परीक्षेत मला जास्त वेळ लागेल, आणि तो मी मागितला तर रागवायचं नाही."

मुख्याध्यापक म्हणाले, "उद्या कळवतो." बास, एवढंच.

येताना मुंगीने विचारलं, "मग मी आता कितीची?" मी म्हटलं, "एकोणनव्वदच्या आसपास." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आसपास बरं आहे."

उद्या काय कळवतील ते माहीत नाही. मुंगीची आई म्हणते, जे होईल ते होवो, तुम्ही ते कागद जाळलेत म्हणून आज तुम्हाला गरम जेवायला मिळेल.

तुझा धाकटा

ता. क. १० मार्च. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी साडेसातला शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. मुंगी आहे त्याच वर्गात राहील, विज्ञान धरून. परीक्षेत अर्धा तास जास्त. सहा महिन्यांनी तिच्या वर्गशिक्षिका काय म्हणतात ते पुन्हा बघतील. विशेष गटातल्या, नव्वदच्या जवळ आलेल्या तीन मुलांचे अहवालही मुख्याध्यापकांनी दुसऱ्या पानांसकट परत काढायला सांगितले आहेत. मुंगीने चिठ्ठी वाचली, दूध प्यायली आणि शाळेत गेली.